फिक्स्ड ब्लेड सुरीचा ब्रँड पारखायचा कसा? नवख्यांसाठी पायरीपायरीने

मी 'चांगली' म्हणून घेतलेली पहिली सुरी आणि माझ्या मित्राची सुरी एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची होती. दोन्ही पात्यांवर पोलादाचं नाव तेच कोरलेलं. एका मुक्कामाला आम्ही शेजारी बसून वाळलेल्या, गाठाळ लाकडाच्या ढलप्या काढत होतो. थोड्या वेळात माझ्या सुरीची धार एका जागी मुडपली, बोटाचं नख तिथे अडकायला लागलं. त्याची सुरी मात्र सरळ कापत होती. माझाच हात चुकत असेल म्हणून आम्ही सुऱ्या बदलून पाहिल्या. त्याची सुरी माझ्या हातातही टिकली आणि माझी त्याच्या हातातही मुडपली.

तेव्हा कळलं की एक सुरी चांगली निघाली म्हणून ब्रँड चांगला ठरत नाही. कुणाच्याही हातात गेलेली, कुठल्याही खोक्यातून निघालेली सुरी तशीच निघाली तर तो ब्रँड. म्हणून खाली जे सांगतोय त्यात प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारायचा आहे: ही कंपनी हीच सुरी पुन्हा पुन्हा, तितकीच चांगली बनवते का, आणि तसं न झालं तर जबाबदारी घेते का?

पायरी १: आधी काम ठरवा

फिक्स्ड ब्लेड म्हणजे घडी न होणारी, पातं मुठीत कायमचं बसवलेली सुरी. मुक्काम, पदभ्रमण, लाकूडकाम, दोर कापणं, काटक्या सोलणं या सगळ्याला साधारण १० ते १२ सेंटिमीटर लांबीचं आणि ३ ते ४ मिलिमीटर जाडीचं पातं पुरतं. नवखे लोक बहुतेक वेळा यापेक्षा मोठी आणि जाड सुरी घेतात आणि मग ती पिशवीतच राहते. स्वीडनच्या मोराकनिव्हची साधी कंपॅनियन सुरी जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीची आहे, आणि लाकूड सोलायला ती कित्येक जाडजूड सुऱ्यांपेक्षा सरस आहे.

काम ठरलं की ब्रँडची तुलना करणं सोपं जातं. ओंडके फोडण्यासाठी बनवलेली सुरी आणि कोरीवकामासाठी बनवलेली सुरी एका तराजूत घालू नका. आणि तुम्ही राहता तिथे पात्याची लांबी किंवा सुरी जवळ बाळगणं याबद्दल कायदा काय म्हणतो, ते घेण्याआधीच पाहून ठेवा.

पायरी २: पोलादाचं नाव वाचायला शिका

कंपनीच्या माहितीपत्रकात सगळ्यात आधी पोलादाचं नेमकं नाव शोधा. 'सर्जिकल स्टील', 'हाय कार्बन स्टेनलेस', 'जर्मन स्टील', 'जपानी स्टील' ही नावं नाहीत, ही विशेषणं आहेत. सर्जिकल स्टील म्हणून एखादं ठरावीक पोलाद नसतंच. ज्या कंपनीला आपल्या पोलादाबद्दल खात्री असते ती त्याचं नाव लिहिते, कारण ते नाव तिच्या बाजूने बोलतं. नाव लपवलेलं दिसलं की मी तिथेच थांबतो.

नाव मिळालं की ते उलगडायला शिका. हे वाटतं तितकं अवघड नाही. अमेरिकी पद्धतीच्या साध्या कार्बन पोलादात शेवटचे दोन आकडे कार्बनचं, म्हणजे पोलादाला कडक करणाऱ्या घटकाचं, प्रमाण सांगतात: १०९५ मध्ये सुमारे ०.९५ टक्के, १०७५ मध्ये सुमारे ०.७५ टक्के. चिनी पद्धतीत पहिला आकडा कार्बनचा आणि 'सीआर'च्या पुढचा आकडा गंज रोखणाऱ्या क्रोमियमचा. म्हणजे ८सीआर१३एमओव्हीमध्ये साधारण ०.८ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियम, आणि ३सीआर१३मध्ये कार्बन फक्त ०.३ टक्के. दोघांच्या नावात 'सीआर१३' असलं तरी ३सीआर१३ धार धरण्याच्या बाबतीत फार मागे पडतं. ज्या कामाबद्दल आपण बोलतोय त्याला ०.३ टक्के कार्बन अपुरं आहे.

आता फसगत कुठे होते ते पाहा. ४४० नावाचं पोलाद तीन प्रकारांत येतं. ४४०ए मध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के, ४४०बी मध्ये ०.७५ ते ०.९५, आणि ४४०सी मध्ये ०.९५ ते १.२० टक्के. पात्यावर नुसतं '४४०' लिहिलेलं असेल तर शेवटचं अक्षर का गाळलं, हा प्रश्न विचारायलाच हवा. ४४०सी वापरणारी कंपनी 'सी' लिहायला विसरत नाही. तसंच ४२० आणि ४२०एचसी यांचं. एचसीमध्ये कार्बन साधारण ०.४ ते ०.५ टक्के असतो, साध्या ४२० मध्ये त्याहून बराच कमी.

गंजाबद्दलही एक गोष्ट नीट समजून घ्या. क्रोमियम साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं की पोलादाला स्टेनलेस म्हणतात, पण ते क्रोमियम पोलादात विरघळलेलं असायला हवं. डी२ या पोलादात क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं आणि कार्बन दीड टक्का. त्यातलं बरंच क्रोमियम कार्बनशी बांधलं जाऊन कठीण कणांत अडकतं, म्हणून डी२ धार चांगली धरतं, पण ओलाव्यात गंजतं. एखादी कंपनी डी२ ला सरळ 'स्टेनलेस' म्हणून विकत असेल तर तिच्या बाकीच्या दाव्यांकडेही मी संशयाने बघतो. हे नकळत झालं असेल तर त्यांना स्वतःचं पोलाद माहीत नाही. जाणूनबुजून असेल तर प्रश्नच मिटला.

नवख्याने कुठलं पोलाद घ्यावं? ओलाव्यात वापर असेल तर १४सी२८एन किंवा १२सी२७ ही स्वीडिश पोलादं. कार्बन ०.६ टक्क्यांच्या जवळपास, गंजाला चांगली आणि दगडावर पटकन धार येणारी. तेल लावायची सवय असेल तर १०९५ किंवा ८०सीआरव्ही२. आणखी भारी नावं खूप आहेत. पण नवख्याला नावाच्या भारीपणाचा फायदा फार कमी होतो, आणि भारी पोलाद धार लावताना तितकाच घाम काढतं.

पायरी ३: पाणी कसं दिलंय?

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि लोक नेमकी हीच टाळतात. पोलादाचं नाव म्हणजे कच्चा माल. त्याची सुरी होते ती भट्टीत. लोहार धारेला पाणी देतो म्हणतो, तेच कारखान्यात मोजूनमापून केलं जातं. १०९५ सारखं पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि झपाट्याने थंड करतात. त्याने ते काचेसारखं कडक आणि तितकंच ठिसूळ होतं. मग पुन्हा २०० अंशांच्या आसपास हळूहळू तापवून त्यातला ठिसूळपणा काढतात. पहिल्या टप्प्यात तापमान चुकलं, थंड व्हायला वेळ लागला, दुसऱ्या टप्प्यात घाई झाली, यातलं काहीही झालं तरी सुरी बाहेरून तशीच दिसते. चूक कळते ती लाकडावर.

माझ्या आणि मित्राच्या सुरीत झालं ते बहुधा हेच. पोलाद एक, पाणी वेगळं.

कडकपणा मोजायची रॉकवेल सी नावाची पद्धत आहे. हिऱ्याचा शंकूच्या आकाराचा टोकदार खिळा ठरावीक दाबाने पोलादावर टेकवतात आणि तो किती खोल जातो ते बघतात. बाहेरच्या कामाच्या सुऱ्या साधारण ५५ ते ६० रॉकवेलच्या दरम्यान असतात. आकडा जितका जास्त तितकी धार टिकते, पण चिवटपणा कमी होतो आणि धारेला खांडे पडायची शक्यता वाढते. त्यामुळे सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात चांगला असं मानू नका. अमेरिकेतली ईएसईई कंपनी १०९५ पोलादाला ५५ ते ५७ वर ठेवते. तेच पोलाद ६० च्या वरही नेता येतं, पण त्यांची सुरी ठोकाठोकीसाठी बनवलेली आहे, म्हणून त्यांनी धारेऐवजी चिवटपणा निवडला. हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे, आणि ते तो उघडपणे सांगतात.

उलट दिशेचं उदाहरण बक या अमेरिकी कंपनीचं. ४२०एचसी हे कागदावर साधं पोलाद. पण पाणी देण्यातले जाणकार पॉल बॉस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने पाणी देऊन बक त्याला ५८ रॉकवेलपर्यंत नेते, आणि त्याच पोलादाच्या इतर बऱ्याच सुऱ्यांपेक्षा त्यांची सुरी धार जास्त टिकवते. म्हणून पोलादाच्या नावावर वाद घालणाऱ्यांना मी नेहमी विचारतो, पाणी कुणी दिलंय?

तर ब्रँडच्या माहितीत हे शोधा. कडकपणाचा आकडा दिलाय का? एकच आकडा दिलाय की '५७ ते ५९' असा पल्ला? भट्टीत दर खेपेला थोडा फरक पडतोच. दोन अंकांचा पल्ला देणारी कंपनी प्रामाणिकपणे सांगतेय की आम्ही एवढ्या मर्यादेत ठेवतो. '५५ ते ६२' असा ऐसपैस पल्ला दिला असेल तर त्या आकड्याचा काही उपयोग नाही. आकडाच नसेल तर कंपनीला लिहून विचारा. दोन ओळींचं पत्र पुरतं: या मॉडेलचं पोलाद कोणतं, कडकपणा किती, पाणी देण्याचं काम तुम्ही स्वतः करता की बाहेरून करून घेता? बाहेरून करून घेणं वाईट नाही, कित्येक चांगल्या कंपन्या तसं करतात. त्यांना उत्तर माहीत आहे की नाही, हे बघायचं.

पायरी ४: नाव कुणाचं, हात कुणाचे?

जुन्या नावाला भुलू नका. सुऱ्यांच्या धंद्यात नावं विकली जातात. अमेरिकेतली इंपीरियल श्रेड कंपनी २००४ मध्ये बंद पडली, तिचं नाव दुसऱ्या कंपनीने विकत घेतलं आणि पुढच्या सुऱ्या दुसऱ्या देशात बनू लागल्या. कॅमिलस या दुसऱ्या अमेरिकी कंपनीचंही २००७ मध्ये असंच झालं. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि नाव दुसरीकडे गेलं. नव्या मालकाच्या सुऱ्या चांगल्या की वाईट, हे त्या सुऱ्यांवरूनच ठरवा. पण 'शंभर वर्षांची परंपरा' वाचून जर तुम्हाला वाटत असेल की तेच कारागीर, तोच कारखाना, तर तसं गृहीत धरता येत नाही.

याच्या उलट, जुनं नाव आणि जुनी जागा दोन्ही टिकलेली उदाहरणंही आहेत. मोराकनिव्हचं मूळ १८९१ सालचं आहे. स्वीडनमधल्या मोराजवळच्या फ्रॉस्ट्स आणि के. जे. एरिक्सन या दोन सुरीवाल्या कंपन्या २००५ मध्ये एकत्र आल्या आणि आजही काम त्याच भागात चालतं. जर्मनीतल्या झोलिंगन शहराच्या नावाला तर कायद्याचंच संरक्षण आहे. मुख्य टप्पे झोलिंगन परिसरात झालेल्या मालावरच ते नाव लिहिता येतं. अशा ठिकाणी पात्यावरचा शिक्का खरंच काहीतरी सांगतो.

दुसरा मुद्दा, एकाच कारखान्यात दहा ब्रँडच्या सुऱ्या बनत असतात. त्यात गैर काही नाही. पण एकच सुरी वेगवेगळ्या नावांनी, फक्त मुठीचा रंग बदलून विकली जात असेल, तर त्या नावामागे आराखडा ठरवणारं आणि माल तपासणारं कुणी नाही असं समजा. कंपनीच्या चार-पाच मॉडेलांची चित्रं शेजारी ठेवून पाहा. ज्यांचा स्वतःचा विचार असतो त्यांच्या सुऱ्यांत एक घरचं वळण दिसतं: मुठीचा फुगवटा, टोकाची उंची, म्यानाची रचना. वीस मॉडेल आणि वीस तऱ्हा दिसल्या तर सावध व्हा.

पायरी ५: सुरी हातात घ्या आणि सावकाश बघा

खिडकीजवळ किंवा दिव्याखाली बसा. सुरीची पाठ वर करून, टोक स्वतःपासून दूर धरून, बंदुकीने नेम धरावा तशी डोळ्यासमोर आणा. पाठीची रेघ सरळ हवी. पातं डावी-उजवीकडे वाकलेलं असेल तर थंड करताना ते पिळलं आणि कुणी सरळ केलं नाही.

आता धारेवर उजेड पडू द्या. चांगली धार उजेड परतवत नाही, ती एक काळी रेघ दिसते. कुठे चमकणारा ठिपका दिसला तर तिथे धार बोथट आहे किंवा मुडपलेली आहे. मग दोन्ही बाजूंनी धारेच्या उताराची रुंदी बघा. एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद असेल तर घासणाऱ्याचा हात किंवा यंत्र नीट लागलेलं नाही. मुठीजवळ, जिथे उतार सुरू होतो तिथल्या दोन्ही रेषा समोरासमोर आहेत का तेही पाहा. थोडा फरक चालतो. मला मात्र इथे एक-दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला की बाकीच्या गोष्टी दुप्पट काळजीने बघाव्याशा वाटतात.

व्हर्निअर मिळाला तर धारेच्या उताराच्या अगदी वर, जिथे धार सुरू होते तिथली जाडी मोजा. ही जाडी अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरच्या आसपास असली तर सुरी कापते. एक मिलिमीटरच्या वर गेली तर कितीही धार लावा, ती लाकडात शिरण्याऐवजी फाकवत जाते. पाठीची जाडी सगळे विचारतात, धारेमागची जाडी कुणी विचारत नाही, आणि सुरी कापते ती याच जागेमुळे. कोनाचंही असंच. स्कँडिनेव्हियन पद्धतीच्या सुऱ्यांत सपाट उतार थेट धारेपर्यंत येतो आणि दोन्ही बाजू मिळून कोन २५ अंशांच्या आसपास असतो. बाकीच्या बाहेरकामाच्या सुऱ्यांत ४० अंशांपर्यंत. पहिली लाकूड सोलायला गोड, दुसरी धक्के सोसायला बरी.

मुठीत शिरणाऱ्या पोलादाच्या भागाला टँग म्हणतात. यावर फार वाद होतात. पूर्ण टँग म्हणजे मुठीच्या आकाराचं पोलाद शेवटपर्यंत गेलेलं, दोन्ही बाजूंना मुठीच्या दोन फाकी (पट्ट्या) लावलेल्या. ती मजबूत असते यात शंका नाही. पण अरुंद टँग म्हणजे वाईट ब्रँड, हे चूक आहे. फिनलंडच्या पुक्को सुऱ्या पिढ्यानपिढ्या अरुंद टँगवर चालत आल्या आहेत. फॉलकनिव्हन या स्वीडिश कंपनीची एफ१ ही सुरी १९९५ पासून स्वीडिश हवाई दलाच्या वैमानिकांना दिली जाते. तिचा टँग मुठीत झाकलेला आहे, पण रुंद आहे आणि बुडाशी बाहेर येतो. टँगचा प्रकार कोणता यापेक्षा पातं आणि टँग मिळतात तो कोपरा कसा आहे, ते बघा. तिथे काटकोनी टोकदार खाच असेल तर सगळा ताण तिथेच साचतो आणि सुरी मोडलीच तर तिथेच मोडते. कोपरा गोलसर हवा. झाकलेल्या टँगच्या सुरीत हे दिसत नाही, म्हणून चांगल्या कंपन्या मूठ काढलेल्या पात्याचं चित्र देतात. असं चित्र देणाऱ्या कंपनीबद्दल मला आदर वाटतो. पोकळ मुठीत काड्या, दोरा ठेवायची सोय असलेल्या स्वस्त सुऱ्या मात्र टाळाच. त्यांत पातं बहुधा आखूड तुकड्यावर किंवा आटे पाडलेल्या सळईवर बसवलेलं असतं.

मूठ आणि म्यान

मूठ हात ओला करून धरा. कोरड्या हाताने सगळ्याच मुठी छान वाटतात. घट्ट धरून हवेत कापल्यासारखी दहा-पंधरा वेळा हलवा आणि तळवा बघा, कुठे लाल वळ उठलाय का. लाकडी मूठ देखणी, पण ओलाव्याने फुगते आणि वाळली की आक्रसते, मग कडेला नख शिरेल एवढी फट पडते. कापड आणि फिनॉलिक रेझिनचं मायकार्टा ओलं झालं की उलट जास्त पकड देतं. काचेचे धागे आणि इपॉक्सीचं जी१० फार टिकाऊ. साधी रबरी मूठही उत्तम असू शकते. पोलाद आणि मूठ यांच्या सांध्यावरून नख फिरवा, ते अडकता कामा नये.

म्यानावरून ब्रँड पटकन कळतो, कारण पैसे वाचवायचे असले की सगळ्यात आधी म्यानावर वाचवतात. सुरी आत घालून म्यान उलटं धरा आणि हलवा. ती पडता कामा नये. चामड्याच्या म्यानात धारेच्या बाजूला चामड्याची जास्तीची पट्टी शिवलेली हवी, नाहीतर धार शिवणच कापते. कार्बन पोलादाची सुरी घरी ठेवताना चामड्यात ठेवू नका, चामडं ओलावा धरून ठेवतं.

पायरी ६: घरी घ्यायच्या तीन परीक्षा

पहिली, साधं लाकूड. अर्धा तास ढलप्या काढा, एखादी गाठ मुद्दाम कापा, पण पातं आडवं पिळू नका. नंतर धार पुन्हा उजेडात बघा. मुडपलेली जागा चमकते, खांडा पडलेली जागा खाचेसारखी दिसते. मुडपली म्हणजे मऊ, खांडा पडला म्हणजे ठिसूळ किंवा धार फार पातळ.

दुसरी परीक्षा जुन्या सुरी बनवणाऱ्यांची आहे आणि माझी सगळ्यात आवडती. साधारण ६ मिलिमीटर जाडीची पितळी सळई घ्या, ती वाइसमध्ये (वस्तू आवळून धरणाऱ्या शिकंज्यात) अशी आवळा की अर्धी जाडी वर राहील. हातमोजा घाला. सुरीची धार सळईवर १५ अंशांच्या आसपास तिरकी टेकवा आणि थोडा दाब द्या. मागून दिवा असला तर दिसतं: सळईच्या जागी धार किंचित बाहेर वाकते, केसाएवढीच. दाब देत देत धार सळईवरून पुढे सरकवा. वाकलेला फुगवटा तुमच्याबरोबर धारेवरून सरकत जातो, आणि मागची धार पुन्हा सरळ होते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा पोलाद असं लवतं यावर माझा विश्वास बसला नव्हता. धार सरळ झाली तर पाणी बरोबर दिलंय. वाकलेली तशीच राहिली तर मऊ, तुटली तर ठिसूळ. ही परीक्षा पातळ धारेच्या सुरीवरच चालते, कारण जाड धार मुळात वाकतच नाही. धारेवर खूण राहू शकते, म्हणून सुरी परत करायचा विचार असेल तर ही परीक्षा घेऊ नका.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. कारखान्यात शेवटची धार वेगवान पट्ट्यावर लावतात. तिथे घाई झाली तर धारेचा अगदी बारीक भाग तापतो आणि त्याचं पाणी उतरतं. पोलाद साधारण २२० अंशांना पिवळसर आणि ३०० अंशांच्या आसपास निळं होतं, पण पॉलिश केल्यावर तो रंग पुसला जातो, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणून नवी सुरी पहिल्या वेळी लवकर बोथट झाली तर लगेच निकाल देऊ नका. दगडावर दोन-तीन वेळा नीट धार लावा, तेवढ्यात तो भाग झिजून जातो. त्यानंतरही धार टिकली नाही, तर दोष पाण्याचा. माझ्या त्या सुरीला मी पाच वेळा धार लावून पाहिली, पाचही वेळा ती मुडपली.

तिसरी परीक्षा गंजाची, फक्त स्टेनलेस म्हणून विकलेल्या सुरीसाठी. पातं ओल्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवा. सकाळी कोरलेल्या अक्षरांच्या कडा, रिव्हेटभोवतीची जागा आणि मुठीचा सांधा भिंगातून बघा. गंज सुरू होतो तो याच जागांपासून.

पायरी ७: लोक काय म्हणतात आणि कंपनी काय करते

अभिप्राय वाचताना सुरी खोक्यातून काढून दाखवणाऱ्यांना बाजूला ठेवा. वर्ष-दोन वर्षं वापरलेल्या माणसाचं ऐका. तक्रारी मोजण्यापेक्षा त्या कुठे जमतात ते बघा. दहा माणसांनी दहा वेगळ्या तक्रारी केल्या असतील तर तो बराचसा योगायोग असतो. दहा जणांची सुरी टोकापासून त्याच अंतरावर मोडली, किंवा दहा जणांच्या मुठीची उजवी फाक सैल झाली, तर तो कारखान्याचा दोष आहे. आणि तो नंतरच्या मालात दुरुस्त झाला की नाही, यावरून ब्रँडची लायकी कळते.

हमीपत्र शब्दशः वाचा. 'आजीवन' म्हणजे कुणाचं आयुष्य? पहिल्या खरेदीदारापुरतं की सुरी ज्याच्या हातात जाईल त्याच्यासाठीही? पावती लागते का? सुरीवर लाकडाने ठोकून ओंडका फोडणं हा गैरवापर मानतात का? ईएसईईची हमी नवख्यांनी एकदा वाचावीच. सुरी मोडली तर प्रश्न न विचारता बदलून किंवा दुरुस्त करून देतात, आणि सुरी दुसऱ्याकडे गेली तरी हमी चालू राहते. अशी हमी देणारी कंपनी सुऱ्या कच्च्या बनवून चालूच शकत नाही, कारण प्रत्येक मोडलेली सुरी तिच्याच खिशातून जाते. मोठे शब्द वापरून शेवटी सगळे अपवाद मोजणारं हमीपत्र याच्या अगदी उलट.

नामांकित ब्रँडच्या नकला खूप निघतात. त्यामुळे अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, आणि घरी आल्यावर वजन, जाडी आणि पात्यावरची अक्षरं कंपनीने दिलेल्या माहितीशी ताडून पाहा. नकलेत आकार हुबेहूब जमतो, पण वजन आणि म्यानाची शिवण सहसा जमत नाही.

हे सगळं करायला क्रम असा ठेवा. पोलाद, कडकपणा आणि हमीपत्र खरेदीच्या आधी. सुरी आली त्याच दिवशी पाठ, धार, उतार, टँगचा कोपरा आणि म्यान. काही खटकलं तर तिथेच थांबा, लाकडाला लावू नका आणि परत पाठवा, कारण वापरलेली सुरी बरेच विक्रेते परत घेत नाहीत. सगळं ठीक वाटलं तरच लाकूड, मग धार लावणं, मग पुन्हा लाकूड. कंपनीला पत्र लिहिलं असेल तर उत्तर यायला किती दिवस लागले तेही खोक्यावर लिहून ठेवा, आणि निदान वर्षभर ते खोकं आणि पावती टाकू नका.